बिअरला लोण्याचा वास का येतो आणि कधी जातो

घरी बिअर करायला लागलेला माणूस भेटेल त्या जाणत्याला एकच प्रश्न विचारतो: "किती दिवस ठेवायची?" उत्तरं हवी तितकी मिळतात. कोणी दोन आठवडे सांगतं, कोणी महिना. आणि व्हिस्की-वाइनचे दाखले देत कोणीतरी ठासून सांगतं, की जितकी जुनी तितकी चांगली. आपल्या लोकांमध्ये तर हे शेवटचं मत जवळजवळ सर्वमान्य आहे. लग्नसमारंभात, पार्ट्यांत, विमानतळावरच्या दुकानात मी ते इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी हा लेख लिहायला बसले.

बहुतेक बिअरच्या बाबतीत हे मत साफ चुकीचं आहे. बिअर ठेवून दिली की तिच्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत असतात. प्रत्येकीचं कारण वेगळं, वेग वेगळा. काहींमुळे चव सुधारते, काहींमुळे बिघडते. दिवस मोजून यातलं काहीच कळत नाही. आत नेमकं काय चाललंय हे कळलं, की मात्र "किती दिवस" या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघरात अर्ध्या तासात मिळतं. ते कसं, ते पुढे सांगतेच.

आधी कायद्याचं सांगून टाकते. मी राहते त्या अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीनं घरगुती बिअरला केंद्रीय कायद्यात मोकळीक मिळाली. सज्ञान माणसाला वर्षाला १०० गॅलन, आणि दोन किंवा अधिक सज्ञान असलेल्या घराला २०० गॅलन, तेही स्वतःपुरतं, विक्रीसाठी नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा तिकडच्या वाचकांनी हा लेख विज्ञान म्हणूनच वाचावा. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमधल्या स्टीलच्या टाक्यांतही घडतं ते हेच.

बिअरची कृती मुळात साधी. जव भिजवून, मोड आणून, वाळवले की माल्ट होतो. माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातलीच विकरं, म्हणजे एन्झाइम, स्टार्चची साखर करतात. हे गोड पाणी गाळून घ्यायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू, सुगंधी फुलं घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट घालायचं. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. यीस्ट वर्टमधली साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. एल प्रकारची बिअर १८ ते २२ अंशांना आंबवतात, तिचा जोर चार-पाच दिवसांत ओसरतो. लेगर ८ ते १३ अंशांना, तिला त्याहून जास्त दिवस लागतात.

साखर किती उरली हे हायड्रोमीटरवर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीवर, कळतं. सुरुवातीला १.०५० असलेला आकडा १.०१० वर येऊन थांबला, तर साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल तयार झालं असं समजायचं. एअरलॉकमधले, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या झडपेतले, बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं समजू नये. झाकण जरा सैल असलं तरी बुडबुडे थांबतात, आणि खोली तापली तर काम संपल्यावरही येत राहतात. सलग तीन दिवस आकडा हलला नाही, तरच साखर संपली म्हणायचं.

घोटाळा होतो तो यानंतर. साखर संपली म्हणजे यीस्टचं काम संपलं, असं धरून लोक बिअर बाटल्यांत भरून मोकळे होतात.

या अवस्थेतल्या बिअरला ब्रुअर लोक हिरवी बिअर म्हणतात. ती पिऊन पाहिली तर अल्कोहोल असतं, कडवटपणा असतो, पण चव विसकटलेली असते. या कच्चेपणामागे मुख्यतः तीन गुन्हेगार असतात.

पहिला ॲसिटाल्डिहाइड. साखरेचं अल्कोहोल होताना शेवटून दुसऱ्या पायरीवर हा रेणू तयार होतो. साखरेचं पायरुवेट, पायरुवेटचं ॲसिटाल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइडचं अल्कोहोल. आंबण्याच्या भरात थोडं ॲसिटाल्डिहाइड पेशीबाहेर निसटतं आणि बिअरला कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास येतो. यीस्ट जिवंत आणि तरंगत असेल तर ते पुढच्या काही दिवसांत हा निसटलेला माल परत आत घेतं आणि त्याचंही अल्कोहोल करतं. घाईनं यीस्टपासून वेगळी केलेली बिअर या वासातून सुटत नाही.

दुसरा गंधक. लेगरचं यीस्ट हायड्रोजन सल्फाइड बरंच सोडतं, आणि पहिल्यांदा लेगर करणारा माणूस फर्मेंटरजवळ, म्हणजे बिअर आंबते त्या भांड्याजवळ, वाकून वास घेतो तेव्हा सगळं सडलं म्हणून हताश होतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. हा वायू कार्बन डायऑक्साइडबरोबर निघून जातो. थोडा धीर धरायचा.

तिसऱ्याचं नाव डायॲसिटिल. त्याच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण बिअरच्या वयाचं सगळं कोडं माझ्या मते या एका रेणूत आहे.

डायॲसिटिल हा चार कार्बन अणूंचा छोटासा रेणू. घरी काढलेल्या लोण्याला जो मधुर वास असतो, त्यात याचा मोठा वाटा आहे. विरजणातले काही जिवाणू दुधातल्या सिट्रेटपासून तो बनवतात. चित्रपटगृहातल्या पॉपकॉर्नचा वासही त्याचाच. लोण्यात तो हवाहवासा, पण हलक्या, स्वच्छ चवीच्या बिअरमध्ये तो आला की जिभेवर तुपाचा हात फिरल्यासारखा बुळबुळीतपणा येतो आणि हॉप्सचा ताजेपणा झाकला जातो. आणि तो कळायला फार थोडा पुरतो. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असला तरी लेगरमध्ये तो बऱ्याच लोकांना जाणवतो. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत एक दशांश ग्रॅम!

आता यीस्ट हा रेणू का बनवतं? खरं तर ते बनवतच नाही. आणि या गोष्टीतली गंमत तिथेच आहे.

यीस्टला वाढायला प्रथिनं लागतात आणि प्रथिनांना अमिनो आम्लं. वर्टमध्ये माल्टमधून आलेली अमिनो आम्लं असतात, पण यीस्ट ती सगळी एकदम आत घेत नाही. काहींना पहिल्या काही तासांतच उचलतं, काहींना सावकाश, आणि प्रोलीनला तर जवळपास हातच लावत नाही. व्हॅलीन नावाचं अमिनो आम्ल सावकाश आत घेतल्या जाणाऱ्यांपैकी आहे. पण यीस्टच्या पेशी तर पहिल्या दिवसापासून झपाट्यानं दुप्पट होत असतात आणि त्यांना व्हॅलीन आत्ता हवं असतं. मग ते व्हॅलीन स्वतःच बनवतात.

ते असं. पायरुवेटचे दोन रेणू जोडले जातात, एक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि अल्फा-ॲसिटोलॅक्टेट तयार होतं. दुसरं एक विकर त्याची पुनर्रचना करतं, आणि आणखी दोन पायऱ्यांनंतर व्हॅलीन मिळतं. या कारखान्यातलं पहिलं विकर चपळ, दुसरं त्या मानानं संथ. त्यामुळे या दोघांच्या मध्ये अल्फा-ॲसिटोलॅक्टेट साचतं आणि त्यातलं काही पेशीच्या बाहेर, बिअरमध्ये झिरपतं. पेशीत व्हॅलीन पुरेसं झालं की तेच व्हॅलीन पहिल्या विकराला आवर घालतं. म्हणून ज्या वर्टमध्ये व्हॅलीन मुबलक आहे आणि जिथे यीस्टला ते वेळेवर मिळतं, तिथे ही गळती कमी असते.

अल्फा-ॲसिटोलॅक्टेटला स्वतःला वास नाही, चव नाही. तुम्ही ते बिअरमधून प्यायलात तरी कळणार नाही. पण पेशीच्या बाहेर पडल्यावर ते हळूहळू, आपोआप मोडतं. एक कार्बन डायऑक्साइड गमावतं, त्याचं ऑक्सिडीकरण होतं, आणि उरतं ते डायॲसिटिल. या पायरीत कोणतंही विकर नाही, कोणताही जीव नाही. ही निव्वळ रसायनशास्त्राची पायरी आहे. यीस्टनं कितीही घाई केली तरी तिच्यावर यीस्टचा ताबा नाही. तिचा वेग ठरतो तो तापमानावर, आम्लतेवर आणि बिअरमधल्या ऑक्सिजनसारख्या ऑक्सिडीकारकांवर.

याच्या पुढची पायरी पुन्हा यीस्टची. बिअरमध्ये तयार झालेलं डायॲसिटिल यीस्ट आत ओढून घेतं, त्याचं ॲसिटॉइन आणि मग २,३-ब्यूटेनडायॉल करतं. हे दोन्ही पदार्थ शेकडो पटींनी जास्त असले तरच नाकाला जाणवतात, म्हणजे आपल्या दृष्टीनं ते नसल्यात जमा. आणि हे काम निरोगी यीस्ट झटपट करतं, डायॲसिटिल तयार होण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जलद.

आता तिन्ही पायऱ्या एकापुढे एक ठेवून पाहा. गळती होते पहिल्या दोन-तीन दिवसांत, यीस्ट भराभर वाढत असताना. शेवटची सफाई होते झटक्यात. मधली पायरी, वासरहित अल्फा-ॲसिटोलॅक्टेटचं वासाच्या डायॲसिटिलमध्ये रूपांतर, हीच काय ती संथ. खंबाटकी घाटात एकच लेन चालू असली, तर अलीकडे-पलीकडे रस्ता कितीही रुंद असून साताऱ्याला पोचायला वेळ लागतो तो लागतोच. बिअर ठेवून द्यावी लागते ती मुख्यतः या एका लेनसाठी.

यातून एक विचित्र वाटणारा निष्कर्ष निघतो. बिअर बाटलीत भरताना चाखली, स्वच्छ लागली, लोण्याचा मागमूस नाही. तीन आठवड्यांनी उघडली तर लोणी! ठेवल्यानं बिअर सुधारण्याऐवजी बिघडली. झालं असं, की भरताना तिच्यात अल्फा-ॲसिटोलॅक्टेट शिल्लक होतं, पण ते नाकाला कळत नाही. मग थंड करून, यीस्ट तळाला बसवून, वरची नितळ बिअर काढून भरली. बाटलीत रसायनशास्त्र आपल्या गतीनं चालू राहिलं, डायॲसिटिल तयार झालं, आणि ते उचलायला पुरेसं यीस्ट उरलंच नव्हतं. बिअर नितळ दिसावी म्हणून केलेली घाई चवीवर उलटली.

लेगरच्या बाबतीत हा धोका दुप्पट. दहा अंशांना यीस्टही संथ चालतं आणि मधली रासायनिक पायरी तर फारच रखडते. जर्मनीतल्या बवेरियाच्या जुन्या ब्रुअरांना रेणू-बिणू माहीत नव्हते, पण अनुभव दांडगा होता. तिथे ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याच्या १५५३ च्या हुकुमानं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदी होती, कारण उन्हाळ्यात बनवलेली बिअर नासायची. मग मार्चमध्ये शेवटच्या बिअर बनवून त्या थंड तळघरांत, बर्फ भरून, उन्हाळाभर ठेवल्या जात. या साठवणीतल्या दीर्घ, थंड महिन्यांत ती संथ पायरी पार पडे आणि पिंपात उरलेलं यीस्ट सावकाश सफाई करे. शिवाय कधी कधी जोरात आंबत असलेली ताजी बिअर थोडी त्या पिंपात घालत. जर्मन ब्रुअर याला क्रॉयझेनिंग म्हणतात. दमलेल्या जुन्या यीस्टच्या जोडीला ताजं यीस्ट, ही युक्ती आजही उत्तम चालते.

हे थंडीत काम करणारं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस पास्टोरियानस. ते संकरित आहे, एलच्या यीस्टचा आणि दुसऱ्या एका रानटी जातीचा संकर, हे आधीपासून माहीत होतं, पण तो दुसरा पालक सापडत नव्हता. २०११ साली तो पाताळात नाही तर पातागोनियात सापडला. दक्षिण अमेरिकेतल्या नॉथोफॅगस झाडांवरच्या गाठींमध्ये राहणारं सॅकरोमायसिस युबायानस. लेगरच्या यीस्टला थंडी मानवते ती या रानटी पालकामुळे. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सननं एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट प्रत्यक्ष बिअर बनवायला वापरलं, ते लेगरचंच.

आजच्या ब्रुअरीला महिनोन्महिने टाकी अडवून ठेवणं परवडत नाही. एकदा मधली पायरी तापमानावर अवलंबून आहे हे कळलं, की उपाय समोरच आहे: बिअर जरा गरम होऊ द्यायची. लेगरचं आंबणं संपत आलं, थोडी साखर शिल्लक आहे आणि यीस्ट अजून तरतरीत आहे, अशा वेळी तापमान दहा-बारा अंशांवरून १५ ते १८ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस तसंच ठेवतात. याला डायॲसिटिल रेस्ट म्हणतात. अल्फा-ॲसिटोलॅक्टेट भराभर मोडतं आणि यीस्ट हाताशी असल्यामुळे डायॲसिटिल तिथल्या तिथे उचललं जातं. आंबण्याचा भर ओसरल्यावर हे केल्यानं जास्त तापमानाचे इतर तोटेही फारसे होत नाहीत. याचं कारण एस्टरमध्ये आहे.

एस्टर म्हणजे केळ्याचा, नासपतीचा, फळफळावळीचा वास देणारे रेणू. बवेरियाच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो तो आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा. ते यीस्ट वाढत असतानाच, पहिल्या काही दिवसांत, बनतात, आणि तापमान जास्त असेल तर जास्त बनतात. तीच गोष्ट घशाला झोंबणाऱ्या जड अल्कोहोलांची. पहिल्या दोन दिवसांत फर्मेंटर तापला आणि हे पदार्थ जास्त झाले, तर नंतर बिअर कितीही ठेवा, यीस्ट ते परत उचलणार नाही. ठेवून द्यायचे दिवस कितीही वाढवले तरी पहिल्या ४८ तासांतल्या निष्काळजीपणाची भरपाई होत नाही. नवख्यांना मी हे सर्वात आधी सांगते. नवी भांडी विकत घेण्याआधी तापमान आवरायला शिका.

मोठ्या कंपन्या तर याच्याही पुढे गेल्या आहेत. अल्फा-ॲसिटोलॅक्टेट डीकार्बोक्झिलेज नावाचं एक जिवाणूजन्य विकर आंबण्याच्या सुरुवातीलाच टाकलं, तर ते अल्फा-ॲसिटोलॅक्टेटचं थेट ॲसिटॉइन करतं. डायॲसिटिल वाटेत लागतच नाही. फिनलंडमध्ये आणखी धाडसी मार्ग वापरला गेला. यीस्ट काढून टाकलेली बिअर काही मिनिटं कडक तापवायची, म्हणजे संथ पायरी क्षणात उरकते, आणि मग ती यीस्ट चिकटवून ठेवलेल्या स्तंभातून सोडायची. आठवड्यांचं काम दोन-चार तासांवर आलं.

आता ती स्वयंपाकघरातली चाचणी. तिचं तत्त्वही हेच, आणि यापेक्षा सुंदर घरगुती प्रयोग मला माहीत नाही.

दोन स्वच्छ काचेच्या बरण्या घ्या. फर्मेंटरमधून दोन्हींत थोडी थोडी बिअर काढा, अर्धा-अर्धा कप पुरे. दोन्हींची तोंडं ॲल्युमिनियम फॉइलनं झाकून टाका. एक बरणी ओट्यावर राहू द्या. दुसरी पातेल्यातल्या ६० ते ७० अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवा. थर्मामीटर नसेल तर बोट क्षणभरही ठेवता येणार नाही, पण पाण्याला उकळी मुळीच नाही, इतपत. मग ती बाहेर काढून गार पाण्यात ठेवा, म्हणजे दोन्ही बरण्या सारख्याच तापमानाला येतील. तापवलेल्या बिअरचा हॉप्सचा वास जरा शिजल्यासारखा होतो, फेस बसलेला असतो, रंग मात्र तोच. आता फॉइलचा कोपरा उचलून लगेच नाक लावा. आधी गार, मग तापवलेली, मग पुन्हा गार.

दोन्हींना लोण्याचा वास नसेल तर बिअर तयार आहे, बाटल्या धुवायला घ्या. गार बरणी स्वच्छ आणि तापवलेलीला लोण्याचा वास, याचा अर्थ बिअरमध्ये अल्फा-ॲसिटोलॅक्टेट दडून बसलंय. उष्णतेनं तुम्ही तीन आठवड्यांनंतरची बाटली आजच उघडून पाहिलीत. फर्मेंटर उबदार जागी ठेवा, यीस्ट तळाला बसलं असेल तर हलकेच हलवा, झाकण उघडू नका, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा चाचणी करा. दोन्हींना वास असेल तर डायॲसिटिल तयार होतंय आणि यीस्ट अजून ते उचलतंय, तेव्हाही थांबायचंच. पण आठवडा उलटूनही दोन्हींचा वास तितकाच राहिला, किंवा वाढला, तर संशय पेडियोकॉकससारख्या जिवाणूंचा. तेही डायॲसिटिल बनवतात, आणि त्यांचं काम थांबत नाही. घाण राहिलेल्या नळ्यांत आणि तोट्यांत ते वस्ती करतात. अशी बिअर ओतून द्यावी आणि प्लास्टिकच्या नळ्या बदलाव्यात.

ही चाचणी एकट्यानं करू नये. डायॲसिटिल ओळखण्याची क्षमता माणसामाणसांत फार वेगवेगळी असते, आणि काहींना तो भरपूर असला तरी कळत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बरणी हुंगायला द्या. बिअर न पिणारं माणूस असेल तर उत्तम, त्याच्या मनात कोणती चव हवी याचा आग्रह नसतो. आणि हेही खरं, की डायॲसिटिल हा सगळीकडे दोष नाही. चेक पद्धतीच्या पिल्सनर या फिकट लेगरमध्ये त्याचा किंचित अंश चालतो, आवडतोही.

याच रेणूवरून एक भीती अधूनमधून पसरवली जाते: बिअरमध्ये फुप्फुसं खराब करणारं रसायन असतं म्हणून. अमेरिकेत मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना २००० सालच्या सुमारास फुप्फुसाचा गंभीर आजार झाल्याचं उघडकीला आलं, हे अगदी खरं. त्यांच्या श्वासात दिवसेंदिवस डायॲसिटिलची वाफ जात होती. बिअर, लोणी किंवा दह्यातून पोटात जाणाऱ्या अत्यल्प मात्रेला तो निष्कर्ष लावता येत नाही. बिअरनं नुकसान होतं ते तिच्यातल्या अल्कोहोलनं, आणि त्याला लोण्याच्या वासाची गरज लागत नाही. आणि विषय निघालाच आहे तर त्या दुसऱ्या, आपल्या घराघरातल्या समजाबद्दलही बोलायला हवं. बिअर प्यायल्यानं मुतखडा पडतो, हा समज सोडून द्या. लघवी जास्त होते ती पाण्यानंही होते, आणि बिअर शरीरातलं पाणी उलट बाहेर काढते. पोटात कळ आलेल्या माणसाच्या हातात बाटली देणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्याला डॉक्टरकडे न्यावं.

यीस्टची साफसफाई झाल्यावर उरतं ते थंडीचं काम. शून्य ते चार अंशांना यीस्ट तळाला बसतं, आणि माल्टमधली काही प्रथिनं आणि पॉलिफेनॉल एकमेकांना धरून, गढूळपणा करून, खाली बसतात. हॉप्सचा आणि यीस्टचा बोचरा कडवटपणा त्यांच्याबरोबर काहीसा कमी होतो. याला आठवडा-दोन आठवडे पुरतात, लेगरला थोडे जास्त. ही पायरी आधीच्या पायरीच्या जागी वापरू नका. थंडीनं बिअर नितळ होते, पण लोण्याचा वास थंडीत जवळपास जसाच्या तसा राहतो.

बाटलीत गॅस यावा म्हणून भरताना थोडी साखर घालतात. हिशोब सोपा आहे. लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली की बिअरच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड मिळतो. वीस अंशांच्या बिअरमध्ये आधीच सुमारे ०.८५ आकारमान गॅस विरघळलेला असतो. साधारण एलला २.४ आकारमान लागतो, म्हणजे लिटरमागे सहा ग्रॅमच्या आसपास साखर पुरे. मग खोलीच्या तापमानाला दोन-तीन आठवडे. पण मूळ आंबणं अर्धवट असताना भरलं, हायड्रोमीटरवर चार अंक (म्हणजे ०.००४) अजून उतरायचे असले, तर त्यातून आणखी दोन आकारमान गॅस तयार होतो आणि बाटल्या फुटतात. फुटलेल्या बाटलीची काच भिंतीत रुतलेली मी पाहिली आहे. सलग तीन दिवस आकडा स्थिर राहिल्याशिवाय भरू नये, हा नियम चवीपेक्षाही डोळ्यांसाठी आहे.

इथपर्यंत वेळ बिअरच्या बाजूनं असतो. त्यानंतर बहुतेक बिअरच्या विरुद्ध. भरताना बाटलीत शिरलेला थोडासा ऑक्सिजन हॉप्सचा सुगंध आधी खाऊन टाकतो. मग ट्रान्स-२-नोनेनल नावाचा रेणू जाणवू लागतो, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या वासाचा, आणि तो तर डायॲसिटिलपेक्षाही कितीतरी कमी मात्रेत ओळखू येतो. तापमान वाढलं की ही पडझडही वेगानं होते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेली पेटी महिन्याभरात जेवढी म्हातारी होते, तेवढी फ्रीजमधली सहा महिन्यांतही होत नाही. आणि उजेडापासून जपा. हॉप्समधल्या कडू पदार्थांवर ऊन पडलं की त्यांच्यापासून उग्र वासाचं गंधकयुक्त संयुग होतं, आणि हिरवी काच ते थांबवत नाही.

अपवाद आहेत, आणि ते माझे लाडके आहेत. नऊ-दहा टक्क्यांची बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउट वर्षभरानं खरोखर गोलाईदार होते. तिच्यातलं ऑक्सिडीकरण शेरी, मनुका, खारीक अशा वासांकडे जातं, आणि भरपूर माल्टमुळे ते शोभतं. ब्रसेल्सजवळची लॅम्बिक तर एक ते तीन वर्षं लाकडी पिंपात राहते. तिथे ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट सामान्य यीस्टला न पचणाऱ्या साखरा सावकाश खात राहतं. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच नील्स क्लाउसेननं ते जुन्या इंग्लिश बिअरमध्ये ओळखलं होतं. तरुण आणि जुनी लॅम्बिक एकत्र केली की ग्यूझ होते. पण या बिअर तशा बनवलेल्या असतात म्हणून टिकतात. पाच टक्क्यांच्या साध्या एलला वर्षभर कपाटात ठेवून ती ग्यूझ होत नाही.

सध्या सगळीकडे लोकप्रिय असलेली, हॉप्सनं ओथंबलेली आयपीए (इंडिया पेल एल) हे त्याच्या अगदी उलट टोक. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवावी, आणि झाकणावर भरल्याची तारीख लिहावी. तिच्यात एक खाचही आहे. हॉप्सच्या फुलांत स्वतःची काही विकरं असतात. आंबणं संपल्यावर थंड बिअरमध्ये हॉप्स घातले, म्हणजे ड्राय-हॉपिंग केलं, की ती विकरं यीस्टला न पचलेल्या लांब साखरांचे तुकडे करतात आणि आंबणं पुन्हा सुरू होतं. इंग्लंडमध्ये हॉरेस ब्राऊन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच याची नोंद केली होती. शंभर वर्षं ती जवळजवळ विस्मरणात होती. हॉप्सचं प्रमाण वाढलं तसा हा प्रश्न पुन्हा डोकं वर काढू लागला. यीस्ट पुन्हा जागं झालं की त्याच्याबरोबर अल्फा-ॲसिटोलॅक्टेटची गळतीही परत येते, आणि कालपर्यंत स्वच्छ असलेली बिअर पुन्हा लोण्याकडे झुकते. म्हणून ड्राय-हॉप केलेल्या बिअरची दोन बरण्यांची चाचणी दोनदा करावी: एकदा हॉप्स टाकण्याआधी, आणि एकदा हॉप्स घातल्यावर हायड्रोमीटरचा आकडा पुन्हा तीन दिवस स्थिर राहिल्यानंतर.